गारठ्यात आणि पावसात चित्र काढण्यामागचा इतिहास

खराब हवेत उघड्यावर बसून रंगवण्याची सुरुवात रंगाच्या ट्यूबमुळे झाली, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ट्यूब नव्हती तेव्हा, १८२१-२२ मध्ये, इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला उभा राहून तैलरंगात ढग टिपत होता आणि मागच्या बाजूला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा नोंदवत होता. तेव्हा तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळायचा. ती टोचून रंग काढायचा, मग भोक बुजवायचं. गारठलेल्या बोटांनी हे करून पाहण्याची कल्पनाच पुरे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि ही कटकट संपली.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने कॉन्स्टेबलच्याही पुढे गेला. १८८५ मध्ये फ्रान्समधल्या एत्रताच्या किनाऱ्यावर त्याचा भरतीचा अंदाज चुकला. लाटेने त्याला कड्यावर आपटलं आणि ओढत नेलं. चित्र, ते ठेवायची घोडी (ईझल) सगळं गेलं, दाढी रंगांनी माखली. तरी १८९५ मध्ये तो नॉर्वेत पडत्या बर्फात रंगवत बसलाच.

माध्यम कोणतं, हे मात्र शेवटी हवाच ठरवते. जलरंग दमट हवेत लवकर वाळत नाही आणि थंडीत कागदावरच गोठतो. म्हणून पाण्यात थोडं मद्य मिसळण्याची युक्ती चित्रकारांत रूढ आहे. तैलरंगाला पावसाची तेवढी भीती नाही, पण थंडीत तो घट्ट होतो, ब्रश ओढावा लागतो.

अंटार्क्टिकात डॉक्टर आणि चित्रकार असलेल्या एडवर्ड विल्सनने काढलेली वाट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉटच्या तिथल्या दोन्ही मोहिमांत तो होता. हातमोजा काढून पेन्सिलीने भराभर रेखाटन करायचं, कुठे कोणता रंग दिसतो ते शब्दांत लिहायचं आणि जलरंग झोपडीत परतल्यावर भरायचे, ही त्याची पद्धत. इतक्या थंडीत भरवशाची फक्त पेन्सिलच.

स्कॉटलंडची चित्रकार जोन अर्डली हिने नेमकं उलट केलं. कॅटरलाइन गावी ती वादळातच मोठी चित्रं घेऊन किनाऱ्यावर जायची, वाऱ्याने उडू नयेत म्हणून ती बांधून ठेवायची. १९६३ मध्ये तिचं निधन झालं. तिच्या काही चित्रांच्या रंगात वाळू आणि गवताच्या काड्या अडकलेल्या आहेत. छापील प्रतीत त्या जवळजवळ कळतच नाहीत, त्यामुळे ही चित्रं मूळ स्वरूपातच पाहायला हवीत.