सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखते?

झोपून उठल्यावर पाय जमिनीला टेकला की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. थोडं चाललं की ती कमी होते, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. असं होत असेल, तर हे बहुधा प्लांटार फॅसिआयटिस आहे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला तळपायाचा जाड पट्टा पायाची कमान पेलतो. तासन्‌तास उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या किंवा एकदम वाढवलेलं धावणं, यांमुळे तो टाचेपाशी दुखावतो.

निदान हातानेच होतं. टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून आणि पायाचा अंगठा वर ओढून आम्ही पाहतो. एक्स-रे सहसा लागत नाही. 'हाड वाढलंय' हे ऐकून अनेकजण घाबरून येतात, पण असं वाढलेलं हाड टाच कधीच न दुखलेल्या माणसांच्या एक्स-रेतही दिसतं. ते काढायच्या मागे लागू नका.

उपचारांत सगळ्यात मोलाचा आहे तो ताण देण्याचा व्यायाम, आणि तो पहिलं पाऊल टाकण्याआधीच करायचा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, बोटं हाताने नडगीकडे ओढा, तळपायातला पट्टा ताणलेला हाताच्या बोटाला लागला पाहिजे. १० सेकंद धरा, असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. जोडीला भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. घरातही मऊ टाचेची चप्पल घाला. कडक फरशीवर अनवाणी चालणं सध्या बंद. दुखणं उतरलं की टाचा उचलण्याचे व्यायाम आम्ही शिकवतो.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम पडतो, पण तो बहुधा थोड्याच काळाचा असतो, आणि क्वचित पट्टा तुटण्याचा धोकाही असतो. म्हणून आम्ही ते सुरुवातीलाच सुचवत नाही. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. मात्र धीर हवा: बरं व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडणारे पुन्हा तेच दुखणं घेऊन येतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल, पायात मुंग्या किंवा जळजळ असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, सूज किंवा ताप असेल, तर कारण वेगळं असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल तर तेही सांगा, संधिवाताची शंका घ्यावी लागते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मनाने बर्फ किंवा शेक लावू नये.

येताना रोजची चप्पल-बूट घेऊन या. झिजलेला तळ पाहून आम्हाला बरंच कळतं.