परीक्षणाखालचं नाव

नव्या कादंबरीचं, कवितासंग्रहाचं किंवा अल्बमचं परीक्षण वाचायला घेतलं की नजर आधी नावाकडे जाते: लिहिलंय कोणी? ही सोय तशी अलीकडची. बराच काळ परीक्षणं निनावीच छापली जात.

५ जानेवारी १६६५ रोजी पॅरिसमध्ये 'जुर्नाल दे साव्हाँ' हे साप्ताहिक निघालं. नव्या पुस्तकांत काय आहे, हे सांगायचं हा त्याचा उद्योग. संपादक दनी द सालो टोपणनावानं वावरायचे. गोषवारा देता देता ते मतंही देऊ लागले, दुखावलेल्यांनी गहजब केला आणि तेरा अंकांत ते बंद पडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या संपादकाच्या हाती ते पुन्हा सुरू झालं, पण मवाळ होऊन.

१७४९ साली लंडनमध्ये 'मंथली रिव्ह्यू' काढणारे राल्फ ग्रिफिथ्स स्वतःच पुस्तकविक्रेते. त्यांच्याकडेही लेखाखाली नाव नसे. मात्र स्वतःच्या प्रतीत प्रत्येक लेखाशेजारी ते लिहिणाऱ्याची आद्याक्षरं टिपून ठेवत. त्या प्रती टिकल्या, म्हणून कोणी काय लिहिलं याचा पत्ता अभ्यासकांना लागला.

निनावीपणाचा खरा तमाशा पुढच्या शतकात झाला. १८०७ साली एकोणीस वर्षांच्या बायरन या इंग्रज कवीचा कवितासंग्रह आला. 'एडिंबरो रिव्ह्यू'नं त्याची पार सालटी काढली. बायरननं १८०९ मध्ये लांबलचक उपहासकविता लिहून संपादक फ्रान्सिस जेफ्री यांचा समाचार घेतला. पण परीक्षण लिहिलं होतं हेन्री ब्रूअम यांनी! म्हणजे भलत्याच माणसावर सूड. पुढे बायरननं ती कविता मागेही घेतली.

कीट्सच्या वाट्याला याहून वाईट आलं. १८१८ मध्ये 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त जॉन विल्सन क्रोकर यांनी त्याच्या 'एंडिमियन' या दीर्घकाव्याची टर उडवली, तीही चार भागांपैकी पहिल्याच्या पुढे आपल्याला जाववलं नाही अशी जाहीर कबुली देऊन. खाली नाव नाही, वर 'आम्ही' हे भारदस्त सर्वनाम. १८२१ मध्ये कीट्स गेला तो क्षयानं. पण परीक्षणानं कवीचा जीव घेतला ही दंतकथा कवी शेलीनं रूढ केली आणि ती अजून जात नाही.

निनावी म्हणजे नेहमी कुजकट, असं मात्र नाही. बीथोव्हनची पाचवी सिम्फनी १८०८च्या डिसेंबरात व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली ती गारठलेल्या सभागृहात, अपुऱ्या तालमीनिशी, चारेक तासांच्या कार्यक्रमात. १८१० मध्ये लाइपझिगच्या एका संगीतपत्रात तिच्यावर एक दीर्घ, बिननावाचा लेख आला. लेखक होते जर्मन कथाकार आणि संगीतकार ई. टी. ए. हॉफमान. छापील स्वरलेखन समोर ठेवून, एकच छोटा स्वरसमूह अख्ख्या रचनेत कसा फिरतो हे त्यांनी उलगडून दाखवलं. मला हे परीक्षण आजच्या कित्येक सहीवाल्या लेखांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं. जर्मन संगीतकार शूमान यांनी तर गंमतच केली: फ्लोरेस्टान आणि युसेबियस अशी दोन परस्परविरुद्ध स्वभावांची पात्रं उभी करून त्यांच्या तोंडून मतं मांडली.

पुढे तबकड्या आल्या. लंडनमध्ये १९२३ साली 'ग्रामोफोन' मासिक सुरू झालं आणि परीक्षकानं ऐकलं तेच वाचकाला घरी ऐकून पडताळता येऊ लागलं.

पुस्तकांकडे मात्र निनावीपणाचा जुना रिवाज चिवट निघाला. १९०२ साली सुरू झालेल्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'नं तो १९७४ पर्यंत सोडला नाही. तिथली व्हर्जिनिया वुल्फ आणि टी. एस. एलियट यांची परीक्षणंही वाचकांपुढे गेली ती अशीच, बिननावाची.