हस्तचित्रित ॲनिमेशनचे डिजिटल रूपांतर

कागदावर हाताने काढलेली क्रमवार चित्रे संगणकात घेणे, स्वच्छ करणे, रंगवणे आणि ठरावीक वेगाने एकामागून एक जोडून त्यांची चित्रफीत बनवणे, या सगळ्या कामाला हस्तचित्रित ॲनिमेशनचे डिजिटल रूपांतर म्हणतात. चित्रे हातानेच काढली जातात. बदलले आहे ते त्यापुढचे काम. एके काळी ते सेल नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवर, रंगाच्या बाटल्या आणि उंचावर बसवलेला कॅमेरा यांच्या मदतीने होत असे.

कागदावरून संगणकात दोन गोष्टी जशाच्या तशा पोचाव्या लागतात: चित्राची पानावरची जागा आणि त्याची काळातली जागा. रेघ फिकी आली तर गडद करता येते, रंग चुकला तर बदलता येतो. पण या दोन जागा हरवल्या की हालचालच हरवते.

पानावरची जागा सांभाळते ती पेगबार नावाची साधी पट्टी. नेहमीच्या पट्टीवर मध्ये एक गोल आणि दोन्ही बाजूंना एकेक चपटी खुंटी असते. कागदाला तशीच भोके पाडलेली असतात. रेखाटताना कागद खुंट्यांत अडकवून खालून उजेड सोडतात आणि आधीच्या-नंतरच्या चित्रांच्या रेघा पाहत मधली चित्रे काढतात. स्कॅन करतानाही अशीच पट्टी काचेच्या कडेला घट्ट चिकटवतात आणि शेवटचा कागद होईपर्यंत हलवत नाहीत. किती नेमकेपणा लागतो, ते हिशेब केला की कळते. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके अशा स्कॅनमध्ये, एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ पिक्सेल. आडवा ए-फोर कागद अर्धा मिलिमीटर सरकला की चित्र सहा पिक्सेलने सरकते. ते १९२० पिक्सेल रुंदीला लहान केले तरी तीनेक पिक्सेलची चूक उरते. एकट्या चित्रात ती कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण शांत उभ्या पात्राचा प्रत्येक कागद वेगळ्या दिशेला सरकलेला असला, तर पात्र थंडी भरल्यासारखे थरथरते.

कागद आपोआप आत ओढणारा स्कॅनर वेळ वाचवतो, पण त्याच्या रुळांतून कागद थोडाफार तिरका जातोच. म्हणून काही सॉफ्टवेअर भोकांचा ठसा शोधून प्रत्येक पान फिरवून-सरकवून जागेवर आणतात. त्यासाठी स्कॅनमध्ये भोके स्पष्ट उमटायला हवीत. कागदामागे काळा पुठ्ठा ठेवला की ती ठळक दिसतात. इथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. पट्टीच्या चुकीमुळे अख्खे चित्र एकदम हलते. हाताने पुन्हापुन्हा काढलेल्या रेघांची सळसळ वेगळी असते: तिच्यात प्रत्येक रेघ आपापली हलते. पहिली दुरुस्त करावी. दुसरी हा हस्तचित्रणाचा श्वास आहे, तिला हात लावू नये.

स्कॅनरऐवजी वरून रोखलेला कॅमेराही चालतो. मात्र एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कायम ठेवावे लागतात आणि खिडकी झाकावी लागते. नाहीतर बाहेरचा उजेड बदलला की फीत लुकलुकते.

स्कॅन केलेली पेन्सिलची रेघ मोठी करून पाहिली तर ती रेघ उरतच नाही. करड्या कणांची एक पट्टी दिसते, मध्ये दाट आणि कडांना विरळ, अधूनमधून कागदाच्या पोताचे पांढरे ठिपके. हे कण नुसतेच काळे किंवा पांढरे करून टाकले तर कडा पायऱ्यांसारख्या दातेरी होतात. म्हणून करड्या छटांत स्कॅन करून मग पांढरा भाग पारदर्शक करणे चांगले. कच्चे रेखाटन फिक्या निळ्या पेन्सिलीने केले असेल तर पान रंगीत स्कॅन करून त्याचा फक्त निळा चॅनेल, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन नोंदींपैकी निळ्याची नोंद, घेतात: निळ्या रेघा कागदाइतक्याच उजळ होऊन जवळजवळ नाहीशा होतात आणि वरची काळी रेघ शिल्लक राहते. रंग भरताना खरा त्रास फटींचा. बाहीच्या रेघेत एका पिक्सेलची फट राहिली तरी शर्टाचा रंग तिथून बाहेर पडून सगळी पार्श्वभूमी व्यापतो. अशा लहान फटी बुजवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. मोठ्या फटी हातानेच जोडाव्या लागतात.

काळातली जागा एक्सपोजर शीटवर लिहिलेली असते. हा उभा तक्ता; एक ओळ म्हणजे एक फ्रेम, म्हणजे फितीतले एक स्थिर चित्र, आणि एक स्तंभ म्हणजे चित्रांचा एक थर. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण बरेचसे ॲनिमेशन एक चित्र दोन फ्रेम धरून, म्हणजे सेकंदाला १२ चित्रांत होते. पात्र मान वळवते तेव्हा ५ क्रमांकाचे चित्र दोन फ्रेम, ६ दोन फ्रेम आणि नजर स्थिरावल्यावर ७ सलग बारा फ्रेम, असे तक्त्यात दिसते. तो थांबा हाही अभिनयच असतो. चित्रे नुसती ओळीने जोडली की तो पुसला जातो, म्हणून तक्ता संगणकात पुन्हा उतरवल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. सॉफ्टवेअरने चित्रमालिका आपल्या मनाने ३० फ्रेमची धरली तर २४ फ्रेमसाठी केलेली चाल सव्वापट भरभर होते आणि आवाजाशी मेळ तुटतो. फाइलींची नावेही शून्ये लावून ०००१, ०००२ अशी द्यावीत. नाहीतर काही प्रोग्राम १ नंतर १० आणि मग २ घेतात. रंग भरण्याआधी रेघांचीच एक कच्ची फीत, म्हणजे पेन्सिल टेस्ट, पाहण्याची पद्धत यासाठीच आहे.

सेलवर हाताने शाईच्या रेघा उतरवण्याच्या कामाला पहिला पर्याय संगणकाने नव्हे, झेरॉक्सने दिला. १९६१ च्या डिस्नेच्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’मध्ये पेन्सिलची रेघ थेट सेलवर छापली गेली. डिस्ने आणि पिक्सार यांनी मिळून घडवलेली कॅप्स ही संगणकीय प्रणाली ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) च्या शेवटाकडच्या दृश्यात वापरली गेली आणि ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ (१९९०) पूर्णपणे तिच्यावर रंगवला व जुळवला गेला. इटलीत तयार झालेले टून्झ हे ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर जपानच्या स्टुडिओ जिब्लीने वापरले. २०१६ मध्ये ते ओपनटून्झ या नावाने सर्वांसाठी मोफत खुले झाले, आणि स्टुडिओबाहेरच्या माणसाच्या हाती स्कॅनपासून अखेरच्या फितीपर्यंतची सगळी साखळी आली.

शेवटी थर एकावर एक बसवून, आवाज जोडून फीत बाहेर काढतात. आधी चित्रमालिका पीएनजी किंवा टिफमध्ये जपून ठेवावी. जेपेगमध्ये रेघेभोवती धुरकट डाग येतात. पाहण्यासाठी एच.२६४ हे फीत दाबून लहान करणारे स्वरूप सोयीचे आहे, पण त्यात सहसा चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद राहते, त्यामुळे निळ्यावरची बारीक तांबडी रेघ फिसकटते. रेघ थोडी जाड करावी, किंवा तिच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात फरक ठेवावा; उजळपणाची नोंद प्रत्येक पिक्सेलची स्वतंत्र राहते, म्हणून कड टिकते.