कोरिदा: घोड्यावरून खाली उतरलेला खेळ

स्पेनमध्ये गेल्यावर वळूंची झुंज पाहावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र हा खेळ रोमन काळापासून जसाच्या तसा चालत आला, ही समजूत जाण्यापूर्वी सोडून द्यावी. आज रिंगणात दिसणारी ‘कोरिदा’ जेमतेम तीनशे वर्षांची आहे आणि तिचा जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या तरी अडचणीतून निघालेला आहे.

त्याआधी वळूवर भाला चालवणे हा सरदारांचा मान होता. ते घोड्यावर, भर चौकात. पायी असत ते त्यांचे नोकर, कापड हलवून वळूला झुलवायला. पोप पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये या झुंजींवर बंदी घातली. स्पेनने ती फारशी मनावर घेतली नाही आणि आठ वर्षांत ती सैलही झाली. पोपला जमले नाही ते राजाच्या नापसंतीने केले. १७०० मध्ये गादीवर आलेल्या पाचव्या फेलिपेला हा प्रकार रुचेना, तेव्हा मर्जी सांभाळायला सरदार बाजूला झाले आणि नोकर पुढे आले.

आंदालुसियातल्या रोंदा गावच्या फ्रान्सिस्को रोमेरोने १७२६ च्या सुमारास काठीला लावलेले छोटे कापड, म्हणजे मुलेता, आणि तलवार घेऊन पायी वळू मारायला सुरुवात केली, असे परंपरा सांगते. त्याचा नातू पेद्रो रोमेरो या खेळातला सर्वांत गाजलेला मातादोर, म्हणजे वळूला मारणारा. रोंदाचे दगडी रिंगण त्याच्याच काळात, १७८५ मध्ये सुरू झाले. तोवर वळू धावून येईपर्यंत तलवार रोखून उभे राहायची रीत होती. पण दमलेला वळू धावूनच येत नाही. मग उभ्या वळूवर मातादोरनेच चालून जायची पद्धत आली. तिचे श्रेय सेव्हिलच्या कोस्तियारेसला देतात. १८३६ मध्ये पाकिरो या मातादोरच्या नावाने नियमांचे पुस्तक निघाले आणि आजचा क्रम बऱ्यापैकी पक्का झाला.

एका संध्याकाळी तीन मातादोर, सहा वळू, प्रत्येक वळूला साधारण वीस मिनिटे. आधी घोडेस्वार पिकादोर भाला मारतो, मग बांदेरिया नावाच्या रंगीत काड्यांच्या जोड्या पाठीत रोवतात, शेवटी मुलेता आणि तलवार. पिकादोर हा त्या जुन्या घोडेस्वारांचा वारस. त्याचा मान गेला, जाकिटावरची सोनेरी कलाबूत मात्र राहिली. पायी साथीदारांना सहसा चंदेरीवर भागवावे लागते. भाला मानेवरच्या उंचवट्यात बसायला हवा. कमी पडला तर वळूचे डोके वरच राहते आणि मातादोरला शिंगांवरून हात नेता येत नाही. जास्त झाला तर वळू गुडघ्यांवर कोसळतो आणि प्रेक्षक शिट्ट्या मारून निषेध करतात. पूर्वी घोड्यांना कसलेच संरक्षण नव्हते, त्यांची आतडी रिंगणात पडत. १९२८ मध्ये जाड गादीचे कवच सक्तीचे झाले. घोडे वाचू लागले, पण तेव्हापासून पिकादोरला आरामात रेलून भाला दाबता येतो, म्हणून जाणकारांचा राग बहुधा त्याच्यावरच.

वळू चार ते सहा वर्षांचा असतो आणि पायी माणसाशी त्याची गाठ आधी पडलेली नसावी, असा दंडक आहे. कारण तो झपाट्याने शिकतो: कापड सोडून माणसाकडे वळतो. म्हणूनच घड्याळ लावलेले असते. मुलेताचे काम सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी पहिला इशारा, आणखी तीन मिनिटांनी दुसरा, त्यानंतर दोन मिनिटांनी तिसरा. तिसरा वाजला की वळू परत कोंडवाड्यात जातो आणि मातादोरची लाज जाते. तलवार जायची ती फऱ्यांमधल्या लहानशा जागेतून. ती जागा वळूचे पुढचे पाय जुळलेले असतील तरच मोकळी होते. पाय फाकलेले असले की पाते हाडावर आदळून उसळते. आणि लाल रंगाने वळू चवताळतो हे खोटे, तो हलणाऱ्या कापडाकडे धावतो. त्यामुळे मातादोर सर्वांत जास्त घाबरतो तो वाऱ्याला. वाऱ्याने कापड उडाले की अंग उघडे पडते. तसे होऊ नये म्हणून मुलेता पाण्याने भिजवून जड करतात.

तिकीट घेताना ‘सोंब्रा’ म्हणजे सावली आणि ‘सोल’ म्हणजे ऊन, एवढे पाहावे, सावली महाग. बसायला दगडी पायरी असते, गादी भाड्याने मिळते. वळू रिंगणात असताना जागेवरून उठता येत नाही. पांढरे रुमाल फडकले तर लोक मातादोरला बक्षीस म्हणून वळूचा कान द्या म्हणताहेत असे समजावे. पहिला कान लोकांच्या मागणीवर मिळतो, दुसरा झुंजीवर देखरेख करणाऱ्या अध्यक्षाच्या मर्जीवर. अध्यक्षाने हिरवा रुमाल काढला तर वळू सदोष ठरून बदलला जातो. नारिंगी निघाला तर त्याला जीवदान. तो क्वचितच निघतो.

हंगाम मार्चमध्ये वालेन्सियात रंगू लागतो आणि ऑक्टोबरात सारागोसाला संपतो. माद्रिदच्या लास वेंतास रिंगणातली सान इसिद्रोची मे-जूनमधली जत्रा सर्वांत मोठी. बार्सिलोनात मात्र जाऊन उपयोग नाही: कातालोनियाच्या २०१० च्या बंदीनंतर तिथली शेवटची झुंज सप्टेंबर २०११ मध्ये झाली. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने बंदी रद्द केली, तरी झुंजी परतल्या नाहीत. ज्यांना मारणे पाहायचे नाही ते लिस्बनचा रस्ता धरतात. पोर्तुगालमध्ये सरदारी घोडेस्वारी टिकली आहे आणि शेवटी आठ नि:शस्त्र माणसे वळूला अंगावर घेतात. रिंगणात त्याला मारत नाहीत. नंतर, प्रेक्षकांच्या नजरेआड, बहुतेकदा मारतातच.