भूमिगत स्वयंचलित कचरासंकलन

घरांतला, दुकानांतला आणि रस्त्यावरचा कचरा जमिनीखालच्या पाइपांतून हवेच्या जोराने ओढून एका केंद्रावर आणण्याची पद्धत. रहिवासी कचऱ्याची पिशवी भिंतीतल्या किंवा पदपथावरच्या झाकणातून आत टाकतो. तिथून केंद्रापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरचा प्रवास ती पिशवी जमिनीखालून करते. कचऱ्याची गाडी दारोदार फिरत नाही, फक्त केंद्रावर भरलेला कंटेनर उचलायला येते. स्वीडनमधल्या एका रुग्णालयात १९६१ साली सुरू झालेली ही पद्धत आता स्टॉकहोम, बर्गन, हेलसिंकी, बार्सिलोना, न्यूयॉर्क, सिंगापूर, मक्का अशा शहरांच्या काही भागांत वापरात आहे. पूर्ण शहराचा कचरा पाइपांतून वाहतो, असं मात्र कुठेही नाही.

रस्त्याकडेला खड्डा करून बसवलेले मोठे डबे ही वेगळी गोष्ट आहे. फिनलंडच्या मोलोक कंपनीने १९९० च्या दशकात असे अर्धे जमिनीत पुरलेले खोल डबे लोकप्रिय केले आणि नेदरलँड्समधल्या शहरांत पूर्ण भूमिगत डबे जागोजागी दिसतात. पण तिथे डबा क्रेनने वर काढून गाडीत रिकामा करावाच लागतो. आपल्याकडच्या बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘भूमिगत कचराकुंडी’ म्हटलं जातं, त्यामुळे हा फरक आधीच सांगितलेला बरा.

कार्यपद्धती

झाकणाखाली एक उभा पाइप असतो आणि त्याच्या तळाशी बंद झडप. टाकलेल्या पिशव्या या झडपेवर साठत राहतात. ओढ चोवीस तास चालू नसते. दिवसातून ठरलेल्या वेळी, किंवा साठा वाढल्याची खूण सेन्सरने दिली की, केंद्रावरचे मोठे पंखे सुरू होतात. जाळ्याच्या टोकाची हवेची झडप उघडते, मुख्य पाइपातून वारा धावू लागतो आणि मग संगणक एकेका ठिकाणची झडप काही सेकंदांपुरती उघडत जातो. वरचा ढीग खाली पडतो आणि वाऱ्याबरोबर ताशी साधारण ७० किलोमीटर वेगाने निघतो. मुख्य पाइप बहुधा पोलादी, अर्ध्या मीटरच्या आसपास व्यासाचा असतो. झाकणाचं तोंड मुद्दाम त्याहून लहान ठेवतात, म्हणजे जे पाइपात अडकेल ते मुळात आतच जाऊ नये.

पंखे केंद्राच्या बाजूला असल्यामुळे पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. कुठे सांधा सैल झाला तरी बाहेरची हवा आत शिरते, आतली दुर्गंधी बाहेर येत नाही. केंद्रावर हवा आणि कचरा सायक्लोन नावाच्या शंकूच्या आकाराच्या पात्रात गरागरा फिरतात. जड कचरा खाली पडतो, हवा वरून निघून धूळ आणि वास गाळणाऱ्या फिल्टरांतून व आवाज दाबणाऱ्या यंत्रणेतून बाहेर सोडली जाते. खाली पडलेला कचरा कॉम्पॅक्टरमध्ये दाबून बंद कंटेनरमध्ये भरला जातो.

प्रत्येक प्रकारच्या कचऱ्यासाठी वेगळा पाइप लागत नाही. इमारतीच्या आवारात दोन, तीन, चार झाकणं शेजारी शेजारी असतात. आधी सगळ्या ठिकाणची कागदाची झडप उघडून कागद ओढून घ्यायचा, मग केंद्रावरचा मार्ग दुसऱ्या कंटेनरकडे वळवायचा आणि मिश्र कचऱ्याची पाळी लावायची. कल्पना साधी आणि हुशार आहे. मात्र ती सर्वस्वी झाकणासमोर उभ्या राहिलेल्या माणसावर विसंबते. त्याने चुकीच्या तोंडात पिशवी टाकली, तर पुढे ती वेगळी काढायला वाटेत कुणी नसतं.

काच बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण ती फुटते आणि तिचे तुकडे वाऱ्याच्या वेगाने पाइप आतून घासतात. ही झीज सगळ्यात जास्त वळणांवर होते. त्यामुळे तिथे जाड पत्र्याचे तुकडे वापरावे लागतात आणि कालांतराने बदलावेही लागतात. मोठे पुठ्ठे, छत्र्या, फर्निचरचे तुकडे या गोष्टी कोंडी करतात.

उगम

स्वीडनच्या सोलेफ्तेओ गावातल्या रुग्णालयात १९६१ साली अशी पहिली यंत्रणा बसली. ती बसवणारी सेंट्रालसुग ही कंपनी (आजची एनव्हॅक) इमारतीत एकाच जागी यंत्र ठेवून खोल्याखोल्यांतली धूळ पाइपांतून ओढून घेणाऱ्या मध्यवर्ती व्हॅक्यूम क्लीनरच्या व्यवसायातली. धूळ येते तर मोठ्या पाइपातून कचराही येईल, हा त्यापुढचा विचार होता. त्याच दशकात स्टॉकहोमला लागून असलेल्या सुंडबीबर्गमधल्या नव्या गृहवसाहतीत ही पद्धत प्रथमच घरांसाठी वापरली गेली. हवेच्या जोराने वस्तू पाठवण्याची कला त्याआधीची आहे. पॅरिसमध्ये टपाल अशा पाइपांतून १९८४ पर्यंत जात होतं.

अमेरिकेत ती प्रथम गाजली फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंग्डम उद्यानात, १९७१ मध्ये. पाहुण्यांना कचऱ्याची गाडी दिसू नये हा तिथला हट्ट होता. भूजल वर असल्यामुळे सेवामार्ग जमिनीच्या पातळीवर बांधून उद्यान त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यासारखं उभं केलं आहे. त्याच सेवामार्गांतून कचऱ्याचे पाइप जातात.

रूझवेल्ट आयलंड

या पद्धतीचं बळ आणि मर्यादा दोन्ही एका जागी पाहायच्या तर न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमधलं हे चिंचोळं बेट पाहावं. १९६८ च्या फेब्रुवारीत शहरातल्या सफाई कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला होता आणि पदपथांवर कचऱ्याचे डोंगर उभे राहिले होते. पुढच्याच वर्षी फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी या वास्तुकारांनी बेटाचा आराखडा दिला. मोटारी शक्य तितक्या बाहेर ठेवायच्या, रस्ते माणसांना मोकळे करायचे, असा त्यामागचा विचार होता. कचऱ्याच्या गाड्याही मग नकोशा ठरल्या. १९७५ मध्ये पहिले रहिवासी आले आणि त्यांच्याबरोबर पाइपही सुरू झाले. इमारतीतल्या मजल्यामजल्यावर तोंड असलेल्या शूटमधून, म्हणजे कचरा खाली सोडायच्या उभ्या नळातून, पिशवी तळघरातल्या झडपेवर पडते आणि तिथून वीस इंची पाइपांतून बेटाच्या उत्तर टोकाकडच्या केंद्रात जाते. शहराच्या स्वच्छता खात्याचे अभियंते अर्धशतकभर ही यंत्रसामग्री चालवत आले आहेत. मॅनहॅटनमध्ये काळ्या पिशव्यांचे ढीग पदपथावर रचून ठेवण्याची रीत या काळात पिढ्यानपिढ्या चालली. समोरच्या बेटावर मात्र ते ढीग दिसले नाहीत.

पण यंत्रणा बसली तेव्हा कचरा म्हणजे एकच ढीग होता. न्यूयॉर्कमध्ये पुनर्वापराच्या वस्तू वेगळ्या देणं कायद्याने बंधनकारक झालं ते १९८९ मध्ये. तोवर पाइप पुरले गेले होते आणि प्रत्येक इमारतीत शूट एकच होतं. म्हणून बेटावरचे कागद, बाटल्या, डबे आजही वेगळ्या मार्गाने, गाडीनेच जातात. जमिनीत जे गाडलं जातं ते त्या काळच्या समजुतीसकट गाडलं जातं. पुढच्या पन्नास वर्षांत कचऱ्याचे किती प्रकार होतील, याचा अंदाज आराखडा करणाऱ्याला आजच बांधावा लागतो. माझ्या मते या पद्धतीचा हाच सर्वांत अवघड भाग आहे. पंखे आणि झडपा त्यामानाने सोप्या.

बर्गन

नॉर्वेच्या बर्गन शहराची गोष्ट उलटी आहे. इथे नव्या बेटाऐवजी जुनं, दाट, लाकडी शहर होतं. बंदरावरची ब्रिगेन ही लाकडी व्यापारी पेठ १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १७०२ च्या आगीत ती जळाली आणि पुन्हा बांधली गेली. १९१६ च्या आगीत शहराच्या मध्यभागाचा मोठा हिस्सा गेला. अशा गावात लाकडी भिंतीला टेकवून ठेवलेला प्लॅस्टिकचा कचराडबा पेटला तर काय होईल, हे बर्गनकरांना समजावून सांगावं लागत नाही. त्यात गल्ल्या अरुंद आणि चढाच्या, म्हणजे मोठी गाडी आत वळणार कशी हा प्रश्न रोजचाच.

तिथल्या नगरपालिकांच्या मालकीच्या बीआयआर या कचरा कंपनीने मध्यवर्ती भागासाठी पाइपांचं जाळं टाकायला घेतलं आणि २०१५ च्या सुमारास ते चालू झालं. रस्त्याच्या कडेला कमरेएवढ्या उंचीचे धातूचे खांब उभे आहेत. रहिवासी किल्लीच्या जुडग्यातला छोटा टॅग खांबाला लावतो, झाकण उघडतं, पिशवी आत जाते, झाकण मिटतं. या टॅगमुळे कोणत्या घराने किती वेळा मिश्र कचरा टाकला याची नोंद राहते आणि शुल्क त्याच्याशी जोडता येतं. कचरा कमी करणाऱ्याचा खर्च कमी, हे तत्त्व सामायिक डब्याला लावणं जवळपास अशक्य असतं. इथे ते लावता आलं. पर्यटकांच्या वापरून टाकलेल्या कपांसाठी आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनांसाठी रस्त्यावरचे सार्वजनिक खांबही याच जाळ्याला जोडले आहेत.

खोदकाम मात्र सोपं नव्हतं. बर्गनच्या रस्त्यांखाली मध्ययुगीन शहराचे थर आहेत आणि ते कायद्याने संरक्षित आहेत. जुन्या शहरात पाइप टाकणं परवडतं ते बहुधा जलवाहिन्या किंवा इतर वाहिन्या बदलण्यासाठी रस्ता खोदलेलाच असतो तेव्हा. केवळ कचऱ्यासाठी सगळं शहर उकरणं कुणालाच झेपत नाही.

इतर शहरं

बार्सिलोनात १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या क्रीडाग्रामात पाइप आले. स्टॉकहोमच्या हामारबी शेस्ताद या जुन्या औद्योगिक बंदराच्या जागी उभ्या राहिलेल्या वसाहतीत ते सुरुवातीपासूनच आराखड्यात होते. तिथे फिरतं रूपही वापरतात. ठरावीक जागी पाइपाचं टोक असतं, ओढणारी यंत्रणा गाडीवरच असते आणि ती आवारात न शिरता काही अंतरावरून कचरा ओढून घेते. हेलसिंकीतलं मालवाहू बंदर २००८ मध्ये वुओसारीला हलवलं गेलं आणि मोकळ्या झालेल्या यातकासारीत, तसंच कालासातामात, जैविक कचरा, कागद, पुठ्ठा आणि मिश्र कचरा वेगवेगळ्या झाकणांतून घेतात. सिंगापूरने १ एप्रिल २०१८ पासून ५०० किंवा अधिक सदनिकांच्या नव्या संकुलांना ही यंत्रणा बंधनकारक केली. मक्केतल्या मशीद अल-हरामच्या परिसरात फिनलंडच्या मरिमॅटिक कंपनीने उभारलेली यंत्रणा रोज सुमारे ६०० टन क्षमतेची आहे. तिथे थोड्या जागेत लाखो यात्रेकरू असतात आणि गर्दीतून गाडी नेणं धोक्याचं असतं. ही गरज किती खरी आहे, हे वारीच्या दिवसांतलं पंढरपूर पाहिलेल्या कुणालाही पटेल.

खर्च आणि मर्यादा

पाइप, झडपा आणि केंद्र यांचा सुरुवातीचा खर्च मोठा असतो आणि पंखे वीज खातात. हेलसिंकीतल्या एका दाट जुन्या वस्तीबद्दल २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही पद्धत दारोदार गाडी फिरवण्यापेक्षा जवळपास सहापट महाग ठरली. बाजू पालटते ती जमीन फार महाग असेल तेव्हा. कचराखोल्या आणि गाडी वळवायची जागा वाचली, तर ती जागा दुकानाला किंवा बागेला मिळते. वसाहत कोऱ्या जमिनीवर उभी राहत असेल तर खोदाईचा खर्चही विभागला जातो.

मोठी कोंडी झाली तर एकाच वेळी शेकडो घरांचं संकलन थांबतं. गाडी बंद पडली तर दुसरी पाठवता येते. आणि पाइप कचरा फक्त हलवतात. केंद्रावर आलेल्या ओल्याचं खत किंवा गॅस होणार, की सगळं डेपोवर जाणार, हे त्यापुढच्या व्यवस्थेवर ठरतं.

भारतात

अहमदाबाद आणि गांधीनगर यांच्या दरम्यानच्या गिफ्ट सिटीत देशातली पहिली शहरपातळीवरची अशी यंत्रणा उभी राहिली. ते शहर रिकाम्या जमिनीवर आखलेलं, आणि वीज, पाणी, वातानुकूलनाचं थंड पाणी यांच्यासाठी जमिनीखाली सेवाबोगदा आधीच योजलेला. त्यामुळे कचऱ्याच्या पाइपाला जागा मिळाली. मुंबईत किंवा पुण्याच्या पेठांत पदपथाखाली आधीच जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि केबलांची दाटी आहे. तिथे अर्धा मीटर व्यासाचा, हलक्या वळणांचा पाइप बसवायला वाट काढणं हेच मोठं काम होईल.

दुसरा प्रश्न कचऱ्याच्या प्रकृतीचा. आपल्या शहरांतल्या कचऱ्यात ओल्याचा वाटा मोठा असतो. भाजीची देठं, आंब्याच्या कोयी, शहाळी, उसाची चिपाडं, निर्माल्य हे सगळं जड, चिकट किंवा आकाराने अडचणीचं. युरोपातल्या घट्ट बांधलेल्या छोट्या पिशवीसाठी केलेली मापं इथे जशीच्या तशी चालणार नाहीत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण घरातच करायला सांगितलं. घंटागाडीवरचा माणूस चुकीचा डबा परत करू शकतो. पाइपाच्या झाकणाला ते जमत नाही.

तिसरा प्रश्न हातांचा आहे आणि तो विकासाच्या आराखड्यांत बहुधा येतच नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. तिच्यातूनच स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून दारोदार संकलन सुरू केलं. या संस्थेच्या सदस्य, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, कचरा गोळा करतात, त्यातलं विकण्याजोगं वेगळं काढतात आणि त्या विक्रीचं उत्पन्न त्यांचं असतं. हे वर्गीकरण आणि ही कमाई दारात आणि गाडीपाशी होते. नेमका तेवढाच टप्पा पाइप जमिनीखाली नेतो. एखाद्या भारतीय शहराने पाइप टाकायचे ठरवलेच, तर या कामगारांची जागा आराखड्यातच धरावी लागेल: केंद्रावर सुका कचरा दाबण्याआधी वेगळा करण्याचं काम, इमारतीत झाकणांवर देखरेख, किंवा काच, धातू आणि मोठ्या वस्तूंचं संकलन. हे शेवटचं काम बर्गन आणि हेलसिंकीतही पाइपाबाहेरच होतं.