डिसेंबरची गाणी, जुलैचा उकाडा

१९४५च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये अंगाची लाही लाही होत होती. मेल टोर्मे हा तरुण गायक आपला जोडीदार बॉब वेल्स याच्या घरी गेला, तेव्हा पियानोवर एक वही पडलेली होती आणि तिच्यात पेन्सिलीनं चार ओळी खरडलेल्या होत्या. शेकोटीवर भाजले जाणारे चेस्टनट, नाक झोंबवणारी थंडी, असलंच काहीतरी. वेल्सला गाणं लिहायचंच नव्हतं. थंडीच्या गोष्टी मनात आणल्या तर उकाडा जरा कमी वाटेल, एवढाच त्याचा हेतू. टोर्मेला मात्र त्या ओळींत गाणं दिसलं आणि तासाभराच्या आत दोघांनी ते पुरं केलं. नॅट किंग कोलनं १९४६ साली ते ध्वनिमुद्रित केलं आणि ‘द ख्रिसमस साँग’ कायमचं त्याच्या नावावर चढलं.

त्याच उन्हाळ्यात, त्याच हॉलिवूडमध्ये सॅमी कान आणि जूल स्टाइन ही दुसरी जोडी उकाड्यानं हैराण झाली होती. समुद्रावर जावं की हिवाळ्याचं गाणं लिहावं, यावर त्यांचं बोलणं झालं आणि गाणं लिहायचं ठरलं. ‘लेट इट स्नो’ ते हेच. त्यात बर्फ आहे, शेकोटी आहे, प्रेमिकांचा लांबत जाणारा निरोप आहे. ख्रिसमस कुठेच नाही.

या दोन गाण्यांचा जन्म अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. डिसेंबर आला की जी गाणी आणि जे सिनेमे ‘पूर्वापार चालत आलेले’ म्हणून ऐकले-पाहिले जातात, त्यातले बरेचसे भलत्याच ऋतूत, भलत्याच कामासाठी तयार झाले. काही तर पहिल्या खेपेला साफ आपटले. त्यांना परंपरेचं रूप दिलं ते दरवर्षी पुन्हा वाजवणाऱ्या आणि पुन्हा दाखवणाऱ्या यंत्रणांनी. आधी चर्च, मग रेडिओ, मग दूरचित्रवाणी आणि आता स्ट्रीमिंग.

मुळात हा सणच सरळ चालत आलेला नाही. इंग्लंडमध्ये प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचं वर्चस्व असताना, १६४७ साली, पार्लमेंटनं ख्रिसमस साजरा करणं बंद केलं. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. बायबलमध्ये या तारखेला काही आधार नाही, हे त्यांचं एक कारण. दुसरं कारण अधिक व्यवहारी होतं: दारू, दंगा आणि दारोदार गात फिरून पैसे उकळणाऱ्या टोळ्या. बंदी उठली तरी कॅरल्सना, म्हणजे ख्रिसमसच्या पारंपरिक गाण्यांना, पूर्वीची पत लगेच मिळाली नाही. १८२२ साली डेव्हिस गिल्बर्टनं आणि १८३३ साली विल्यम सँडिसनं जुनी कॅरल्स गोळा करून छापली, ती ही गाणी आता लोप पावत चालली आहेत या भावनेनंच. पुढे व्हिक्टोरियन काळात तीच पुस्तकं पुनरुज्जीवनाचा पाया ठरली.

उसनवारीची सवयही जुनीच. हँडेल या संगीतकाराचा ‘मसाया’ हा धार्मिक गानप्रबंध १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये पहिल्यांदा झाला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत. आज तो डिसेंबरच्या मैफलींचा हुकमी एक्का आहे. चार्ल्स वेस्लीच्या १७३९ सालच्या ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ या स्तोत्राची गंमत आणखी वेगळी. त्याला आज जी चाल आहे, ती मेंडेल्सोन या संगीतकारानं १८४० साली गुटेनबर्गच्या छपाईकलेच्या चारशेव्या वर्षानिमित्त लायप्झिगमध्ये केलेल्या रचनेतली. या चालीवर धार्मिक शब्द कधीच बसणार नाहीत, असं स्वतः मेंडेल्सोनचं मत होतं. तो गेल्यानंतर आठ वर्षांनी, १८५५ साली, विल्यम कमिंग्ज या ऑर्गनवादकानं ते बसवून दाखवले.

‘जिंगल बेल्स’बद्दल तर विचारूच नका. जेम्स पिअरपॉन्टचं हे गाणं १८५७ साली ‘वन हॉर्स ओपन स्ले’ या नावानं बॉस्टनमध्ये छापलं गेलं. रंगमंचावर ते पहिल्यांदा आलं ते गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून करायच्या करमणुकीच्या खेळात. गाण्यात काय आहे? घोडागाडीच्या शर्यती, शेजारी बसलेली तरुणी आणि बर्फात झालेली फजिती. ख्रिसमसचा शब्द नाही. ते थँक्सगिव्हिंगसाठी लिहिलं होतं असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, पण त्याला भक्कम आधार नाही. तरी गाणं आमच्याकडेच लिहिलं गेलं असं सांगणाऱ्या पाट्या मेडफर्ड आणि सव्हाना या दोन शहरांनी लावून ठेवल्या आहेत. १६ डिसेंबर १९६५ रोजी ‘जेमिनी ६’ यानातल्या शिरा आणि स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी माउथऑर्गन आणि घुंगरं चोरून वर नेली आणि हेच गाणं अवकाशातून वाजवलं.

खास ख्रिसमससाठीच, ख्रिसमसच्याच दिवसात चाल लावलेलं गाणं हवं असेल तर ऑस्ट्रियात जावं लागतं. साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फमध्ये योझेफ मोर हा सहायक धर्मगुरू होता. त्यानं २४ डिसेंबर १८१८ रोजी आपली एक कविता शेजारच्या गावातला शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर याच्या हाती दिली आणि दोन आवाज व गिटार यांना जमेल अशी चाल मागितली. त्याच रात्री ‘सायलेंट नाइट’ गायलं गेलं. चर्चचा ऑर्गन उंदरांनी कुरतडला होता म्हणून गिटार आली, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. ग्रुबरनं १८५४ साली स्वतःच्या हातानं लिहिलेल्या हकिकतीत उंदीर नाहीत. ती हकिकत लिहायची वेळ आली, कारण तोवर गाणं आल्प्समधल्या टिरोलच्या गायक कुटुंबांबरोबर युरोपभर आणि अमेरिकेपर्यंत पोचलं होतं आणि मूळ रचनाकार कोण याची कुणालाच खात्री नव्हती. मायकेल हायडन या संगीतकारापर्यंत नावं घेतली जात होती. मोरच्या हस्ताक्षरातली प्रत थेट १९९५ साली उजेडात आली. कविता १८१६ सालची असल्याचं तिनंच स्पष्ट केलं.

चर्चमधून ही गाणी घरात आली ती रेडिओमुळे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये बायबलमधले नऊ पाठ आणि कॅरल्स यांची उपासना १९१८ साली, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना सुरू झाली. तिचा आराखडा १८८० सालच्या ट्रुरोमधल्या उपासनेवरून घेतलेला. १९२८ साली बीबीसीनं ती प्रक्षेपित केली आणि मग १९३० सोडता दरवर्षी करत राहिली. पहिल्या कॅरलचं पहिलं कडवं एकटा मुलगा गातो, आणि तो कोण हे संचालक ऐन वेळी खुणेनं सांगतो. आधी कळलं तर रात्रभर झोप लागणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

अमेरिकेत रेडिओनं जे गाणं मोठं केलं, ते लिहिणारा अर्विंग बर्लिन रशियन साम्राज्यात जन्मलेला ज्यू होता. त्याचा तीन आठवड्यांचा मुलगा १९२८ साली नेमका ख्रिसमसच्या दिवशी गेला होता. ‘व्हाइट ख्रिसमस’मधली हुरहूर त्यातून आली का, हे सिद्ध करता येत नाही, पण हे ठाऊक असताना गाणं ऐकलं की ते निव्वळ गोड वाटत नाही. मूळ गाण्याच्या सुरुवातीला एक कडवं होतं: बेव्हर्ली हिल्सचं ऊन, ताडाची झाडं आणि उत्तरेच्या बर्फाची आठवण काढणारा माणूस. गायक बिंग क्रॉस्बीनं ते गाळलं आणि उरला फक्त बर्फ. २५ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर अठराव्या दिवशी, त्यानं ते रेडिओवर पहिल्यांदा गायलं. पुढच्या वर्षी ते ‘हॉलिडे इन’ या सिनेमात आलं, त्याला ऑस्कर मिळालं आणि परमुलखात लढणाऱ्या सैनिकांनी त्याची फर्माइश करकरून ते डोक्यावर घेतलं. इतक्या तबकड्या काढल्या गेल्या की १९४२ सालच्या मुद्रणाचा मूळ साचा झिजला आणि १९४७ साली क्रॉस्बीला तेच पुन्हा गावं लागलं. आज सहसा कानावर पडतं ते हे दुसरं मुद्रण. एप्रिल १९७५मध्ये सायगॉन सोडण्याचा गुप्त इशारा म्हणून अमेरिकी सैन्याच्या रेडिओनं हेच गाणं लावलं होतं.

युद्धकाळाची छाया ‘मीट मी इन सेंट लुईस’ या १९४४ सालच्या सिनेमावरही आहे. त्यातल्या ‘हॅव युवरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस’ या गाण्याचा पहिला मसुदा इतका उदास होता, की रडणाऱ्या धाकट्या बहिणीसमोर हे गायलं तर लोक मला राक्षसीण म्हणतील, अशी नायिका ज्युडी गार्लंडची तक्रार होती. गीतकार ह्यू मार्टिननं कुरकुरत ओळी बदलल्या. १९५७ साली फ्रँक सिनात्राला तेही पुरेसं आनंदी वाटेना, तेव्हा आणखी बदल झाले. माझं मत विचाराल तर गार्लंडची आवृत्तीच खरी. बाकीच्यांनी त्या गाण्यातलं मीठ काढून टाकलं.

पडद्यावरचा ख्रिसमस सिनेमाच्या जन्मापासूनचा. इंग्लंडमध्ये जॉर्ज अल्बर्ट स्मिथनं १८९८ साली जेमतेम मिनिटभराचा ‘सांता क्लॉज’ केला. मुलं झोपली आहेत आणि त्याच चौकटीत एका गोलात छपरावरचा सांता दिसतो, ही त्या काळी नवलाई होती. डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधल्या कंजूष स्क्रूजवर १९०१मध्येच चित्रपट निघाला. पण ख्रिसमसचा सिनेमा ख्रिसमसलाच दाखवावा, हा दंडक तेव्हा नव्हता. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ १९४७च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आला, कारण गर्दी उन्हाळ्यात होते असं स्टुडिओप्रमुख डॅरिल झॅनकचं मत होतं. जाहिरातीत सांताचा विषय शिताफीनं दडवला होता. त्याच सांताच्या भूमिकेसाठी एडमंड ग्वेनला ऑस्कर मिळालं.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची कहाणी मात्र सावकाश सांगायला हवी. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्नला आपली गोष्ट कुणी छापेना, म्हणून त्यानं १९४३ साली तिच्या २०० प्रती छापून ख्रिसमसची भेट म्हणून मित्रांना वाटल्या. एक प्रत फिरत फिरत हॉलिवूडला पोचली. फ्रँक काप्रानं १९४६च्या उन्हाळ्यात चित्रीकरण केलं. तोवर सिनेमातला बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स असत. त्यांवरून चाललं की इतकी कुरकुर व्हायची की संवाद नंतर पुन्हा मुद्रित करावे लागत. काप्राच्या माणसांनी आग विझवण्याचा फेस, साबण आणि पाणी मिसळून वाऱ्याच्या यंत्रानं उडवलं. मूक हिमवर्षाव झाला आणि त्या युक्तीला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचं तांत्रिक पारितोषिकही मिळालं. खालचे नट मात्र हिवाळी कोटांत घामाघूम होत होते. पुलावरच्या प्रसंगात नायक जेम्स स्ट्युअर्टचा चेहरा नीट पाहिला तर घाम दिसतो.

सिनेमा चालला नाही. सव्वापाच लाख डॉलरांच्या आसपास तोटा झाला. एफबीआयच्या टिपणात त्यातल्या खलनायक बँकरवरून साम्यवादी प्रचाराचा संशयही नोंदला गेला. मग १९७४ साली हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. चित्रफीत फुकट मिळतेय म्हटल्यावर अमेरिकेतल्या झाडून साऱ्या लहानमोठ्या वाहिन्यांनी ती डिसेंबरभर दाखवायला घेतली, कधी एकाच दिवसात अनेकदा. जो सिनेमा १९४६ साली लोकांनी तिकीट काढून पाहिला नाही, तो वीसेक वर्षांत फुकटात सगळ्यांचा लाडका झाला. १९९३ साली रिपब्लिक पिक्चर्सनं मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांच्या जोरावर तो परत ताब्यात घेतला. त्यासाठी ज्या १९९० सालच्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाचा आधार मिळाला, तो हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’बद्दलचा होता, आणि त्यातला एक पक्षकार होता खुद्द जेम्स स्ट्युअर्ट.

दूरचित्रवाणीनं स्वतःची भरही घातली. १९६४ साली लाल नाकाचा रेनडिअर रुडॉल्फ पडद्यावर आला. हे पात्र रॉबर्ट मेनं १९३९ साली माँटगोमेरी वॉर्ड या दुकानांच्या साखळीच्या मोफत वाटायच्या पुस्तिकेसाठी रचलं होतं. त्याचा मेहुणा जॉनी मार्क्स यानं त्यावर गाणं केलं आणि १९४९ साली जीन ऑट्रीनं ते गाजवलं. १९६५ साली ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा व्यंगपट आला. संथ गती, खऱ्या मुलांचे आवाज, विन्स ग्वाराल्डीचं जॅझ आणि खोट्या हशाचा अभाव पाहून सीबीएस वाहिनीच्या साहेबांचे चेहरे पडले होते. ९ डिसेंबर १९६५च्या रात्री देशातल्या चालू संचांपैकी जवळपास निम्मे त्यावर लागले.

‘डाय हार्ड’ हा हाणामारीचा सिनेमा ख्रिसमसचा सिनेमा आहे की नाही, हा वाद दरवर्षी उकरला जातो. सहलेखक स्टीव्हन डी सूझा हो म्हणतो, नायक ब्रूस विलिसनं २०१८ साली नाही म्हटलं. सिनेमा लागला जुलै १९८८मध्ये, हा नकाराचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण शेवटी श्रेयनामावलीवर वाजतं ते व्हॉन मनरोचं ‘लेट इट स्नो’, तेही उन्हाळ्यातच लिहिलेलं. तारखेवरून ठरवायचं तर दोन्ही बाद.

१९९०च्या ‘होम अलोन’ला तर आपल्या पूर्वजांची पक्की जाण होती. पॅरिसमध्ये अडकलेलं कुटुंब टीव्हीसमोर बसतं तेव्हा तिथे फ्रेंचमध्ये ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ चालू असतो. शिकागोजवळच्या घरात एकटा मागे राहिलेला केव्हिन पुतळे नाचवून खोटी पार्टी भासवतो, तेव्हा मागे ब्रेंडा लीचं ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ असतं.

स्ट्रीमिंगनं हिशेबच बदलला. पूर्वी गाण्याचं यश नव्या विक्रीवर मोजलं जाई, आता प्रत्येक वेळचं ऐकणं मोजलं जातं. त्यामुळे डिसेंबरच्या याद्या जुन्या गाण्यांनी भरून जातात आणि नव्यांना शिरकाव मिळणं अवघड होतं. मारायाह केरीचं ‘ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू’ हे १९९४चं गाणं, मुद्रण अर्थातच ऑगस्टमधलं, बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या स्थानावर पोचलं २०१९ साली. ब्रेंडा लीनं तेराव्या वर्षी गायलेलं १९५८चं गाणं, रुडॉल्फवाल्या जॉनी मार्क्सचंच, सुरुवातीला फारसं कुणी विकत घेतलं नव्हतं. ते पहिल्या क्रमांकावर आलं डिसेंबर २०२३मध्ये. त्यासाठी महिनाभर आधी नवा व्हिडिओ काढला होता आणि त्यात ७८ वर्षांची ब्रेंडा ली आपल्याच तेरा वर्षांच्या आवाजावर ओठ हलवते. त्याच महिन्यात मारायाहनं तो क्रमांक परत हिसकावला.