गणपतराव 'सलग' ११ वेळा आमदार नव्हते

सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, 'सलग ११ वेळा आमदार, कधीच हरले नाहीत' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. अकरा हा आकडा बरोबर, 'सलग' मात्र कुणीतरी पदरचं घातलं.

१९६२ आणि १९६७ ला शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) आबा जिंकले, १९७२ ला पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. दुसरा पराभव जिव्हारी लागणारा: १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या १९२ मतांनी. एवढी मतं तर एखाद्या वस्तीत निघतात! १९९९ ला आबांनी जागा परत घेतली आणि २०१९ पर्यंत सोडली नाही. २०१९ ला ते उभेच नव्हते.

'मंत्रिपद कधी घेतलं नाही' हेही खोटं. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. आणि ११ वेळा आमदार हा देशातला विक्रम म्हणाल, तर तमिळनाडूचे करुणानिधी १३ वेळा निवडून आले होते.

एसटीनं फिरणारा, पक्ष न बदललेला माणूस. त्यांना 'अजिंक्य' कशाला ठरवायचं? दोनदा पडूनही सांगोल्यानं त्यांना पुन्हा निवडलं, मला तर हेच मोठं वाटतं.